कोठडीतलं शेवाळ

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्यात बसलेल्या आजोबांना दिसत काही नव्हतं. कान मात्र ठणठणीत होते. शेजारी नवरा-बायकोचं चाललं होतं.

"तुमच्या गेममधली राजकन्या सुटली का हो?"

"अगं, आधी मॉड टाकून, म्हणजे आतली चित्रं बदलून, गेम देखणा करतोय. गवत नवं, नदी चकाकतेय. फक्त तिच्या कोठडीच्या भिंती फारच गुळगुळीत दिसतात."

"म्हणून आपल्या न्हाणीघराच्या शेवाळलेल्या भिंतीचे फोटो काढताय होय?"

"खरं शेवाळ ते खरं शेवाळ! तेच फोटो कोठडीच्या भिंतींवर डकवणार. एकाच कोपऱ्याचा राहिलाय. तोवर रंगाऱ्याला बोलवू नकोस."

"तो केव्हाचा खरवडतोय."

"काय! आणि मी इथे डोळे तपासायला?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय तुमच्या? तुम्हाला घराबाहेर काढायचं होतं."

"आजोबा, चला आत," नर्स म्हणाली.

"थांबा हो जरा, राजकन्येचं काय होतंय ते कळू दे."