कुणासाठी थांबायचं

छे हो, साहेब पुढे उभे राहिले की रोबो थांबणारच—त्यात कौतुक कसलं? आत्ता वर पाहिलंत ना, कसा दोन हात लांब अदबीने उभा राहिला, आणि ती सगळी वडीलधारी मंडळी टाळ्या पिटत होती—किळस आली मला. तुम्ही तपासायला आलेले, तुम्ही हो म्हणालात की हा उद्या इस्पितळात औषधांची गाडी ओढणार, म्हणून तर तुम्हाला आणि याला खाली आणलं. याचं डोकं मेंदूच्या धर्तीवर केलंय—नियम घोकून घ्यायचे नाहीत, बघून बघून शिकतं, लहान मूल शिकतं तसं. मी म्हटलं, याला शिकवायला वेगळी जागा हवी. तर म्हणे, कशाला, आपल्याच कॉरिडॉरमध्ये उभा करा, आपली माणसं काय वाईट आहेत? केला उभा. काय पाहिलं त्याने? बाबा आले—साहेब आले, की झाडून सगळे भिंतीला चिकटतात. घरी तेच, आई बोलता बोलता गप्प होते—ते जाऊ द्या. आणि फरशी पुसणाऱ्या मावशी खाली बसल्या असतील तर कोण थांबतं? कुणी नाही. बादली ओलांडून जातात, पाय मावशींनीच आवरायचा. आडात नाही ते पोहोऱ्यात कुठून येणार? मागच्या आठवड्यात गेला की हा मावशींच्या पायावरून, घोटा मोडला—तर वरचे म्हणतात, बाईंनी सरकायला नको का? मी भांडले, तर बाबा पुन्हा स्वतःच त्याच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "बघ, थांबतो की नाही? उगीच बोभाटा करतेस." साठी उलटली, पण आपल्यापलीकडे माणसं असतात हे डोक्यात शिरत नाही यांच्या. इस्पितळात काय सगळे सुटाबुटात ताठ उभे असतात?

हे घ्या, मावशींचा एप्रन. चढवा, आणि फडकं घेऊन बसा खाली. पँट मळेल? राहू द्या, आणा तो एप्रन, मीच बसते—अशी, त्याच्याकडे पाठ करून. तो रिमोट घ्या. हिरवं बटण. दाबा.

दाबा ना. वर दहा जणांनी सांगितलंय तुम्हाला, अगदी सुरक्षित आहे, मान डोलावत होतात की तुम्ही. मग हात का मागे घेतलात?

ठेवा तो रिमोट खाली. आणि जा वर, चहा निवतोय तुमचा. बाबांना सांगा, बटण का दाबलं नाही ते.