परशुरामाचा तिसरा निरोप

सन्माननीय अध्यक्ष काशिनाथराव, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर सुनीतीबाई, शाल पांघरून घामाघूम झालेला सत्कारमूर्ती म्हणजे माझा मुलगा परशुराम, आणि समोर बसलेल्या जामसंड्याच्या समस्त विसरभोळ्या मंडळींनो,

विसरभोळ्या म्हटलं म्हणून रागावू नका. वेल्डिंगच्या कामातून परशुरामाचा हा तिसरा निरोप समारंभ आहे, हे इथे कोणाला आठवतंय का? खुर्च्या त्याच, अध्यक्ष तेच, आणि शालही तीच. नीट बघा, मागच्या वेळचा चहाचा डाग आहे. दोन्ही वेळा तुम्ही डोळे पुसलेत, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी गंजलेली फाटकं घेऊन त्याच्या दारात उभे राहिलात. निरोप दिलेल्या माणसाला इतक्या लवकर हाक मारणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

मला अक्षर येत नाही. मी सांगितलं आणि माझी नात भार्गवी हिने लिहिलं. तीच वाचते आहे, मी पहिल्या रांगेत बसले आहे. मी स्वतः बोलले असते, पण मी तोंड उघडलं की परशुराम मध्येच म्हणतो, "आये, पुरे गे." कागदावरचं मात्र तो गप्प ऐकतो. भार्गवीने अट घातली की पाहुण्यांसमोर मालवणी नको. म्हणून मी शुद्ध बोलते आहे. बाकीची माणसं आपापल्या तोंडाने बोलतील, त्याला मी काय करू?

तर मंडळी, आपल्याकडे खाऱ्या हवेला लोखंड फार आवडतं. आज लावलेली जाळी दोन पावसाळ्यांत पापडासारखी मोडते. समुद्राने खायचं आणि परशुरामाने जोडायचं, असा संसार त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून चालला. खिडक्या, फाटकं, टाक्यांचे स्टँड, बागायतदारांच्या जिन्यांचे स्टीलचे चकचकीत कठडे. या गावात असं एक तरी घर दाखवाल का, ज्याच्या लोखंडात माझ्या मुलाचा श्वास गेलेला नाही?

पहिली खूण चहाने दिली. पांढऱ्या पाइपाचं काम करून आला की म्हणायचा, "आये, साखर खूप झाली." मी साखर कमी केली. तरी गोड. शेवटी बिनसाखरेचा दिला, तोही गोड! मी खूश झाले. असा काटकसरी मुलगा कोणाला मिळतो? पण संध्याकाळी हुडहुडी भरायची, ताप चढायचा, आणि एकदोन दिवसांत असा उतरायचा की जणू आलाच नव्हता. बरं, यायचा तोही बहुतेक सोमवारी, रविवारच्या सुट्टीनंतर. सोमवार शंकराचा, तेव्हा देवाचंच काही राहिलं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. गाऱ्हाणं घातलं, सोमवारचा उपास धरला, रात्री दृष्ट काढून मिरच्या जाळल्या. म्हणजे दिवसभर लोखंडाचा धूर आणि घरी आल्यावर मिरच्यांचा. बिचाऱ्याला हवा म्हणून मिळाली ती फक्त झोपेत.

गूळही झाला. धुरावर गूळ खाल्ला की छाती धुतली जाते, असं सगळे सांगायचे. डॉक्टरबाईंनी दोन वाक्यांत गुळाची ढेप खाली उतरवली. म्हणाल्या, "आजी, गूळ जातो पोटात आणि धूर जातो फुप्फुसात. त्यांची वाटेत भेट होत नाही."

पण या साऱ्यात मोठा मान अध्यक्षांचा. धुरात लोखंडाचे बारीक कण असतात हे कळल्यावर काशिनाथरावांना उपाय सुचला. जुन्या लाउडस्पीकरमधलं ताटलीएवढं लोहचुंबक त्यांनी आणलं आणि परशुरामाच्या छातीवर कापडाने बांधलं. म्हणाले, "आत लोखंड आसा मां? मगे चुंबक बांध. रात्रभरात भायर येतला!" सकाळी चुंबकावर काळा कीस चिकटलेला. गाव बघायला लोटलं. नारळ फुटला. कोणी म्हणालं, वजन करा. तो कीस ग्राइंडरचा होता, शर्टाच्या खिशातून आला होता, हे माझ्या सुनेला, विमलाला, धुण्याच्या दगडावर कळलं. तोवर दोन म्हातारे गुडघ्यांसाठी चुंबक मागून गेले होते.

शेवटी डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला. मी विचारलं, "बाई, आत अर्धं फाटक असेल का हो?"

त्या म्हणाल्या, "आजी, फाटक नाही, पण बिजागरी तरी नक्की असेल."

मग हसू आवरून त्यांनी समजावलं. तो ताप, आणि चहातली ती गोडीही, पांढऱ्या पाइपावरच्या जस्ताच्या धुराची. सुट्टीत अंगाची सवय मोडते, म्हणून सोमवारी. ताप येतो आणि जातो. पण इतकी वर्षं आत गेलेल्या धुराने फुप्फुसावर जे व्रण पडलेत, ते जात नाहीत. चकचकीत कठड्यांचा धूर तर आणखी वाईट, त्यातून कॅन्सरचीही भीती. आता थांबला तर आहे तेवढा श्वास राहील. नाही थांबला तर तोही नाही. परशुराम बाजारातून चढणीने घरी येताना प्रत्येक फाटकापाशी उभा राहून "बरा चल्लाहा मां?" विचारतो ना? तुम्हाला वाटतं, किती आपुलकीचा माणूस! तो दम घेत असतो, बाबांनो.

तेव्हा पहिला निरोप दिलात. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचं फाटक निखळलं. "एकच टाको मार रे, मगे आयुष्यभर इश्रांती!" दुसऱ्या निरोपाला तुम्ही त्याला भेट काय दिलीत? वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायची नवी कोरी काच! दारू सोडलेल्या माणसाला कोणी पेला भेट देतं का?

आणि आजचं ऐका. सकाळी या व्यासपीठाच्या सांगाड्याचा पाय मोडला. जोडायला कोणाला बोलावलंत? सत्कारमूर्तीला. त्याच्या नाकाखालची काळी रेघ मिशीची नाही, या समारंभाची आहे. आत्ता त्याच्या हातात दिलेलं स्टीलचं सन्मानचिन्ह कोणी बनवलं, तेही विचारा. "तुझ्यासारख्या काम दुसऱ्याक जमाचा नाय," म्हणालात, आणि हा लाजला आणि बनवून मोकळा झाला!

मी त्याला विचारलं, "नाय म्हणूक तुझी जीभ झडता काय रे?"

तर म्हणाला, "आये, माणसा दारात येतत तेवाच माका मी कोणीतरी आसय असा वाटता."

मंडळी, मला माझ्या आधी माझा मुलगा पोचवायचा नाही. एवढंच मागणं आहे. पण त्याला नकार जमत नाही आणि तुम्हाला आठवण राहत नाही, मग म्हातारीने काय करावं?

भार्गवी, आता फोन बघ. आला नसेल तर हे भाषण पुन्हा पहिल्यापासून वाच. आला असेल तर पुढे जा.

पुढे वाचते आहेस, म्हणजे विमलाचा फोन आला. विमला सभागृहात नाही, हे कोणाच्या लक्षात आलं का? तिने परशुरामाचं मशीन, केबल, होल्डर, सगळं टेम्पोत चढवून दूर इन्सुलीला माझ्या भाच्याच्या, ओमकारच्या कारखान्यात रवाना केलं आहे. तिथे धूर ओढून घेणारा पाइप आहे, आणि नाकावर मास्क नसला तर ओमकार माणसाला आत घेत नाही. तुमची फाटकं आता तिथे न्या. हे भाषण एवढं का लांबलं, ते आता कळलं असेल.

परशुरामा, उठू नको. आभार होईपर्यंत सत्कारमूर्तीने उठायचं नसतं. उद्या सकाळी हात रिकामे वाटतील. वाटू देत. तसाच माझ्याशेजारी येऊन बस. माझ्या दारात कोणी काम घेऊन येत नाही, तरी मी कोणीतरी आहेच की.

अध्यक्षांचे आभार, चुंबकासकट. डॉक्टरबाईंचे आभार, बिजागरीसकट. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते भार्गवीच्या अक्षराचं समजा आणि पोरीला माफ करा.

आणि परशुरामाला भेटायला जरूर या. आंबोळ्या पाठवा, खापरोळ्या पाठवा, घावणे पाठवा, पण केळीच्या पानात बांधून. मोडक्या कानाच्या टोपातून सांबारं आणून, "सांबारा खा आणि टोपाचो कान तेवढो बघ," असं चालणार नाही. सांबारं द्यायचंच असेल तर चांगल्या टोपातून आणा, स्वतःच्या हाताने वाढा, आणि टोप घेऊन घरी जा.