एक भोक पुढे

वरातीची घोडी दिसली की मी आधी तिच्या पोटाखालच्या पट्ट्याचं बक्कल बघते. हसू नका, ऐका.

आमचे नाना शिरपुरात वरातीला घोडी द्यायचे. ते गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी एक वरात ठरलेली होती. माझा भाऊ वरणगावला नोकरीला, त्यानं कधी खोगीर बांधलेलं नाही. तरी म्हणाला, "ताई, नानांनी शब्द दिलाय, घोडी नेऊ या."

त्यानं पट्टा ओढून बक्कल लावलं. मी खोगीर हलवून बघितलं, तर ते थेट एका बाजूला फिरलं. नवरदेवच खाली आला असता! पट्टा आवळताना श्वास धरून पोट फुगवायची घोडीची जुनीच खोड. भावानं गुडघा लावून ओढलं, पण बक्कल पुढच्या भोकात जाईना. तिकडून बँडवाल्यांचे फोनवर फोन.

"देऊ का एक ठेवून?" भाऊ वैतागला.

"हात लावून बघ तिला!" मी ओरडले. मग तिच्या मानेवर हात ठेवला आणि नाना रोज म्हणायचे तसंच अहिराणीत हळू म्हटलं, "सोड वं माय, आते सोड. तुले बी जानं शे, माले बी जानं शे."

घोडीनं लांब श्वास सोडला. भावानं बक्कल एक भोक पुढे घेतलं.

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून माझ्या मागे, घराच्या दाराकडे बघत होती.

खरं सांगते, मीही वळले.