पाण्यात कालवलेला रंग

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, निरोप घ्यायची घाई झालेले आमचे सत्कारमूर्ती, आणि घरात जागा नसतानाही जुन्या पाट्यांवरची पुस्तकं विकत घेणारे माझे वाचकहो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. थोडक्यात आटोपणारी मी नाही, हे आज सत्कारमूर्ती झालेल्या माझ्या भागीदाराला ठाऊक आहे. म्हणून तर तो आत्तापासूनच कपाळाला आठ्या घालून बसलाय.

आमच्या प्रकाशनाचा पसारा तो केवढा? एक खोली, दोन टेबलं आणि हातानं रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो, गठ्ठेच्या गठ्ठे. नियम मात्र एकच. पुस्तक छपाईला जाण्याआधी दोघांनी एकेका फोटोवर फुली मारायची. कारण विचारायचं नाही, फोटो गेला म्हणजे गेला. त्यावरच भागीदारी टिकली, नाहीतर आम्ही केव्हाच एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या.

या शेवटच्या पुस्तकात त्यानं फुली मारली ती एका रंगाच्या दुकानाच्या पाटीवर. वर दुकानदाराचं नाव, खाली 'आणि चिरंजीव'. हे खालचे दोन शब्द पांढऱ्या रंगानं झाकलेत, पण अक्षरांची वळणं अजून दिसतात. आता सांगायलाच हवं, ते चिरंजीव म्हणजे आमचे सत्कारमूर्ती. ती पाटी रंगताना पाहूनच त्याला अक्षरांचं वेड लागलं. त्या वेडापायी त्यानं गल्ला सोडला, वडिलांनी शब्द झाकले, आणि तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे.

अरे, बस. उठू नकोस. कारण विचारून मी नियम मोडला, कबूल. पण तुला नाही विचारलं, तुझ्या वडिलांना विचारलं.

अध्यक्ष महोदया, घड्याळाकडे नका बघू, एवढं बोलू द्या. मी दुकानात गेले. पाटीला ओलं बोट लावलं, तर बोट पांढरं झालं. अख्खी पाटी पक्क्या तेलरंगाची, आणि या दोनच शब्दांवर पाण्यात कालवलेला रंग. जन्मभर रंग विकलेल्या माणसाला यातला फरक कळत नसेल? मी म्हटलं, "काका, मागे फळीवर तेलरंगाचे डबे आहेत की." ते बराच वेळ डबेच पुसत राहिले. मग म्हणाले, "तेलरंग मारला असता तर पोराला खरवडत बसावं लागलं असतं. हा ओल्या फडक्यानं निघतो. उडायला लागला की मी पुन्हा हात मारतो. आपोआप निघून गेला, तर त्यानं येऊन पुसायचं काय?"

खरं सांगते, मला दोघांचाही राग आला. घरी येऊन रडलेसुद्धा.

ते आलेत. मागे दाराशी उभे आहेत. खुर्ची दिली, तर म्हणाले, "आधी तो काय करतो ते बघू." छापखान्याचे मालकही इथेच आहेत, यंत्रावर कागद चढलाय. आणि तुझ्या खुर्चीमागे चादरीखाली आहे ती तीच पाटी. पुष्पगुच्छाशेजारी ओलं फडकं ठेवलंय. फुली तुझी, तीवर मी बोलणार नाही.

संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर आणलं, तो अपराध सभागृहानं पोटात घालावा. भागीदाराची माफी मात्र मी मागत नाही, निदान अजून तरी.

काका, पुढे या. त्यानं फडकं उचललंय. आणि छापखानेवाले, यंत्र तेवढं थांबवा, फुली जुन्या फोटोवर होती, या पाटीचा नवा फोटो काढून पुस्तकात घालावा लागणार.