पाचवी वायर

मुलगी : म्हणजे स्क्रीन खोटं बोलली, असंच ना बाबा?

बाबा : खोटं नाही गं. तिला कळलंच नाही. बस. त्या खुर्चीवर नको, जावयांची आहे ती.

मुलगी : साहेब म्हणतात, ह्यांनी स्क्रीनकडे न बघताच बॅटरीला हात लावला, म्हणून गेले. तसं टाईप करून माझ्या हातात दिलंय, सही करा म्हणून. मी नुसता ह्यांचा डबा न्यायला आले होते.

बाबा : सही करू नकोस. इकडे ये. बॅटऱ्यांचा मेन बंद आहे, नुसतं कार्ड चालू आहे, घाबरू नको. हे मोजणारं कार्ड. आठ बॅटऱ्यांच्या आठ वायरी, पण आत मोजणारा एकच. तो पाळीपाळीनं एकेका वायरीवर जातो. हा टॉर्चमधला सेल चौथीला लाव.

मुलगी : लावला. स्क्रीनवर चारला दीड व्होल्ट.

बाबा : आणि पाचवर?

मुलगी : तिथंही दीडच. पण पाचवी तर नुसती लोंबतेय.

बाबा : वायर सुटलेली असली की असंच होतं. मागच्या घरचा निरोप तो पुढच्या घरी सांगतो. त्या दिवशी चौथी बॅटरी रिकामी होती.

मुलगी : म्हणून पाचवीही रिकामी दिसली.

बाबा : तिच्यात तीनशे व्होल्ट होते. जावयांनी बघितलं होतं गं. मला ओरडून म्हणाले, ‘बाबा, पाच शून्य.’ मी म्हटलं, लावा हात.

मुलगी : हे साहेबांना सांगितलंत?

बाबा : नाही.

मुलगी : का?

बाबा : काम सुरू करण्याआधी प्रत्येक वायरीला सेल लावून आकडा बघायचा, हा नियम माझाच. बावीस वर्षांचा. त्या दिवशी चारपर्यंत लावला, तेवढ्यात चहा आला. मग तपासणीच्या तक्त्यावर आठही खुणा करून टाकल्या. खाली सही माझी.



मुलगी : नऊ दिवस माझ्यासमोर बसून जेवलात.

बाबा : हो.

मुलगी : चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि मला रडूसुद्धा येत नाहीये.

बाबा : मलाही नाही.

मुलगी : हा घ्या साहेबांचा कागद. मागची बाजू कोरी आहे. आत्ता बोललात तसंच लिहा.

बाबा : मला आत टाकतील, पोरी. तुला मग कोण आहे?

मुलगी : लिहा.

बाबा : ...लिहिलं. सहीपण केली.

मुलगी : सहा, सात, आठ अजून तशाच, न तपासलेल्या आहेत ना?

बाबा : तशाच.

मुलगी : उद्या ह्यांच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसेलच. उठा. सेल मी धरते, तुम्ही आकडे वाचा.