सुट्टीतलं राष्ट्रगीत

पिंपळे गुरवच्या दवाखान्यात दीक्षा अंगातल्या तापानं डोळे मिटून बसली होती. शेजारच्या दोन बायकांचं बोलणं लांबून आल्यासारखं तिच्या कानावर पडत होतं.

“तुमची जाऊ बोलती का हो आता, कौशल्याबाई?”

“कुठलं. जमिनीच्या वाटण्या झाल्यापासनं तोंड न्हाई बघितलं. सकाळचं सोडून.”

“सकाळी काय असतंय?”

“मागं शाळा हाय न्हवं. राष्ट्रगीत लागतं, तवा मी गच्चीवर ओली साडी धरून उभी. ती समोर, तिच्या गच्चीवर.”

“मग तोंड फिरवायचं.”

“राष्ट्रगीतात कुणी हलतं व्हय? बघावंच लागतं. कधी तिचं डोळं सुजल्यालं असत्यात. समदं कळतं. संपलं की ती पाठ फिरवती, मी बी फिरवते.”

“आता तर शाळेला सुट्टी लागली.”

“व्हय. काल त्याच वक्ताला मी वर गेले, उगंच. वाळत घालायला कपडं बी न्हवतं.”

“अन् ती?”

दीक्षाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही.

“उभी हुती, हात सरळ सोडून.”

“मग?”

“मग काय. राष्ट्रगीत लागलंच न्हाई, तर संपलं कधी ते कुणी सांगायचं? उन्हं वर आली तरी आमी दोघी तशाच.”