लिफ्ट राहू द्या, काका

समारंभाच्या अध्यक्षा माननीय वृंदाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या सत्कारमूर्ती डॉक्टर विनीताबाई, आणि पार बराकपूरहून रविवारची झोप मोडून आलेल्या मंडळींनो,

मी दिगंबर, बेहालाचा. बँकेतून निवृत्त, वय एकोणऐंशी. माझ्या फुफ्फुसाचा एक तुकडा कमी आहे. तो काढणाऱ्या विनीताबाई आता कोलकाता सोडून कायमच्या नागपूरला निघाल्या आहेत.

कॅन्सर निघाला तेव्हा घरात काय झालं असेल? माझं काचेचं भांडं झालं! आमच्या सौ. सुचित्राने माझा जिना बंद केला, मुलाने, केयूरने, बाजाराची पिशवी काढून घेतली. (सूनबाई, रागावू नकोस, तुझा मऊ भात चांगलाच होता.) आधीच्या डॉक्टरांनी माझं वय वाचूनच मान हलवली. या वयात चिरफाड कशाला, असं सगळ्यांनी प्रेमाने ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंच नाही. मला तर जगायचं होतं हो!

मग आपल्या मराठी मंडळाच्या ओळखीने विनीताबाईंकडे गेलो. केयूरने सवयीने लिफ्टचं बटण दाबलं.

"लिफ्ट राहू द्या, काका," बाई म्हणाल्या. "माझ्याबरोबर जिना चढा, आणि बोलत राहा."

मला बोलत राहा म्हणणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं! सियालदहच्या भाजीबाजारापासून सुरुवात केली, वर पोचलो तरी संपलं नव्हतं. केयूर मात्र खाली कठडा धरून धापा टाकत उभा. ती माझ्या फुफ्फुसांची पहिली परीक्षा होती, हे मला नंतर कळलं. बाईंनी पुढे सगळ्या तपासण्या केल्या, धोका लपवला नाही, रोज चालायला आणि श्वासाचे व्यायाम करायला लावलं. मग घरच्यांसमोर मलाच विचारलं, करायचं का? मी हो म्हटलं. ऑपरेशन छान झालं. सुचित्रा म्हणते, बडबड तेवढी काढायची राहिली.

आज या सभागृहाचा जिना आम्ही दोघं बरोबर चढलो. शेवटच्या वळणावर मी थांबलो, तशी बाईंनी घाबरून माझी नाडी धरली. बाई, तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. मला दम लागला नव्हता. वर पोचलो की तुमचा निरोप सुरू होणार होता.

मंडळाने मला बोलू दिलं, मनापासून आभार. उत्साहाच्या भरात काही कमीजास्त बोललो असेन तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि विनीताबाई, उतरतानाही लिफ्ट राहू द्या. जिन्याने जाऊ, सावकाश.